हार्कींचा परित्याग

हार्कींचा परित्याग म्हणजे अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात (१९५४–१९६२) फ्रेंच लष्कराच्या बाजूने लढलेल्या स्थानिक मुस्लिम साहाय्यक सैनिकांना फ्रान्सने युद्धसमाप्तीनंतर निःशस्त्र करून मोठ्या प्रमाणावर अल्जीरियातच मागे सोडून देण्याची घटना. या सैनिकांना 'हार्की' म्हणतात. मार्च १९६२ च्या युद्धबंदीनंतर त्यांपैकी हजारो जण व त्यांचे नातेवाईक मारले गेले. अनेकांना तुरुंगवास व सक्तमजुरी भोगावी लागली. जे फ्रान्सला पोहोचले त्यांपैकी मोठ्या संख्येला काटेरी कुंपणाच्या छावण्यांत ठेवण्यात आले. यांतील काही छावण्या १९७५ पर्यंत चालू होत्या.

सैन्य मागे घेणाऱ्या राष्ट्राचे आपल्या स्थानिक साथीदारांप्रती कोणते नैतिक कर्तव्य असते, या प्रश्नाच्या चर्चेत हार्कींचे उदाहरण वारंवार दिले जाते. फ्रेंच राज्यसंस्थेने आपली जबाबदारी टप्प्याटप्प्याने मान्य केली. मात्र कायद्याने मिळणारी भरपाई फ्रान्सच्या भूमीवरील छावण्यांतील वास्तव्यापुरती मर्यादित राहिली. अल्जीरियात झालेल्या हत्यांबाबतची जबाबदारी राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांतून मान्य झाली, तरी ती न्यायालयांच्या कक्षेबाहेरच राहिली आहे.

नाव आणि व्याप्ती

'हार्की' हा शब्द 'हालचाल' या अर्थाच्या अरबी शब्दापासून बनलेल्या 'हर्का' या शब्दावरून आला आहे. उत्तर आफ्रिकेत 'हर्का' म्हणजे मोहिमेसाठी जमवलेली फिरती सशस्त्र तुकडी. अशा तुकडीतील माणूस तो हार्की.

काटेकोर अर्थाने हा शब्द फ्रेंच लष्कराच्या साहाय्यक तुकड्यांच्या एका प्रकारापुरता लागू होतो. त्याखेरीज ग्रामीण प्रशासकीय केंद्रांचे रक्षण करणारे मोखाझनी, फिरत्या ग्रामीण पोलीस गटांतील शिपाई, गावांच्या स्वसंरक्षण गटांतील सदस्य आणि सार्वजनिक मालमत्तेचे पहारेकरी असे इतर वर्ग होते. युद्धानंतर या सर्वांना, आणि पुढे त्यांच्या बायकामुलांनाही, सरसकट हार्की म्हटले जाऊ लागले. फ्रेंच सैन्यातील नियमित मुस्लिम सैनिक व सक्तीच्या लष्करी सेवेवरील तरुण हे त्यांहून वेगळे होते.

पार्श्वभूमी

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियावर आक्रमण केले आणि १८४८ मध्ये तिच्या उत्तर भागाचे तीन फ्रेंच प्रांतांत रूपांतर केले. कायद्याच्या भाषेत अल्जीरिया ही वसाहत नसून फ्रान्सचाच भाग होती. प्रत्यक्षात जमीन, शिक्षण आणि राजकीय सत्ता युरोपीय वसाहतवाल्यांच्या हाती एकवटली होती. बहुसंख्य मुस्लिमांना दीर्घकाळ पूर्ण नागरिकत्वाचे हक्क नव्हते. मतदानाची समानता त्यांना १९५८ मध्ये मिळाली. त्यामुळे १९६२ च्या वसंत ऋतूत ज्यांना मागे सोडण्यात आले ते त्या वेळी कायद्याने फ्रेंच नागरिकच होते. पुढील वादात या मुद्द्याला विशेष महत्त्व आले.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने (एफएलएन) सशस्त्र उठाव सुरू केला. फ्रेंच लष्कराने बंडाचा बीमोड करण्यासाठी सामूहिक शिक्षा, छळ आणि खेड्यांचे सक्तीचे स्थलांतर हे मार्ग अवलंबले. सुमारे वीस लाख ग्रामीण लोकांना त्यांच्या वस्त्यांमधून उठवून लष्कराच्या देखरेखीखालील वसाहतींत हलवण्यात आले. आघाडीनेही कर न देणाऱ्या, आदेश न पाळणाऱ्या किंवा प्रशासनाशी संबंध ठेवणाऱ्या मुस्लिमांना कठोर शिक्षा दिल्या. डोंगराळ भागातील शेतकरी या दोन दबावांच्या कात्रीत सापडला.

भरती आणि सेवेचे स्वरूप

पहिली हर्का नोव्हेंबर १९५४ मध्ये ऑरेस पर्वतातील आरीस येथे उभी राहिली. मानववंशशास्त्रज्ञ झाँ सेर्व्हिए यांनी स्थानिक टोळीतील माणसांना गावाच्या रक्षणासाठी एकत्र केले होते. १९५६ पासून अशा तुकड्यांना अधिकृत स्वरूप मिळाले आणि १९५९ नंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. ऐन भरात असताना हार्कींची संख्या सुमारे ६०,००० होती. संपूर्ण युद्धकाळात सर्व प्रकारच्या साहाय्यक तुकड्यांत मिळून सुमारे दोन लाख मुस्लिमांनी कधी ना कधी काम केले, असे मानले जाते.

हार्की हा कायद्याने सैनिक नव्हता. त्याची नेमणूक अल्पमुदतीची असे, वेतन रोजंदारीने मिळे आणि त्याला केव्हाही काढून टाकता येई. वाटाड्या, दुभाषी, टेहळणी करणारा आणि चकमकीत पुढे राहणारा शिपाई अशी अनेक कामे त्याच्याकडे असत. डोंगरवाटा, बोली आणि माणसे यांची त्याची ओळख हेच त्याचे लष्करी मूल्य होते. याच ओळखीमुळे युद्धानंतर त्याला लपून राहणे अशक्य झाले.

हार्की फ्रेंचांकडे का गेले याचे एकच उत्तर इतिहासकार देत नाहीत. काहींना उपासमार टाळण्यासाठी रोजगार हवा होता. विशेषतः स्थलांतरित वस्त्यांत जमीन सुटल्यावर हर्केतील वेतन हाच अनेक कुटुंबांचा आधार उरला होता. काहींचे नातेवाईक आघाडीच्या हातून मारले गेले होते. काही जण पकडले गेलेले बंडखोर होते व त्यांना बाजू बदलण्यास भाग पाडले गेले होते. काही ठिकाणी गावातील जुनी वैरे निर्णायक ठरली, तर काही कुटुंबांत दोन्ही महायुद्धांपासून फ्रेंच सैन्यात जाण्याची परंपरा होती. राजकीय निष्ठेतून आलेल्यांचे प्रमाण त्या मानाने कमी असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. हार्कींच्या काही तुकड्यांनी छळ आणि लूटमारीत भाग घेतला, हेही नोंदले गेले आहे.

एव्हियां करार आणि निःशस्त्रीकरण

१८ मार्च १९६२ रोजी फ्रान्स आणि अल्जीरियन राष्ट्रवादी यांच्यात एव्हियां करार झाले व दुसऱ्या दिवशी युद्धबंदी लागू झाली. युद्धबंदीपूर्वी केलेल्या कृत्यांसाठी किंवा व्यक्त केलेल्या मतांसाठी कोणावरही कारवाई वा भेदभाव होणार नाही, असे आश्वासन करारांत होते. हार्कींचा स्वतंत्र उल्लेख त्यांत नव्हता. आश्वासन मोडल्यास ते कोण व कसे अमलात आणणार, याचीही तरतूद नव्हती.

२० मार्च १९६२ च्या आदेशाने हार्कींपुढे तीन पर्याय ठेवण्यात आले: नियमित सैन्यात भरती होणे, काही रक्कम घेऊन नागरी जीवनात परतणे, किंवा सहा महिन्यांच्या करारावर बिगर-लष्करी कर्मचारी म्हणून राहणे. सैन्यातील भरतीच्या अटी अनेकांना पूर्ण करता येण्यासारख्या नव्हत्या. बहुसंख्यांनी रक्कम घेऊन गावी जाणे पसंत केले. शेत, घर आणि आईवडील सोडून अनोळखी देशात जाण्याची कल्पना त्यांना पटण्याजोगी नव्हती. शिवाय झाले गेले विसरले जाईल, असे आघाडीच्या स्थानिक नेत्यांकडूनही अनेक ठिकाणी सांगितले जात होते. शस्त्रे काढून घेण्यात आली. काही ठिकाणी शस्त्रे बदलून मिळतील असे सांगून ती गोळा केली गेली, अशा साक्षी पुढे नोंदल्या गेल्या.

फ्रान्सला नेण्यावरील निर्बंध

धोका ओळखून काही फ्रेंच अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालील हार्कींना कुटुंबासह फ्रान्सला पाठवण्यास सुरुवात केली. १२ मे १९६२ रोजी अल्जीरिया-विषयक मंत्री लुई जॉक्स आणि सैन्यमंत्री पिएर मेस्मेर यांनी अशा वैयक्तिक पुढाकारांना मनाई केली. सरकारी योजनेबाहेर हार्कींना नेणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई करावी, तसेच योजनेबाहेर फ्रान्सला पोहोचलेल्या साहाय्यक सैनिकांना तत्त्वतः अल्जीरियाला परत पाठवावे, असे त्या महिन्यातील जॉक्स यांच्या आदेशांत म्हटले होते.

या धोरणामागे अनेक कारणे होती. फ्रेंच अल्जीरियासाठी दहशतवादी कारवाया करणारी गुप्त लष्करी संघटना (ओएएस) हार्कींचा वापर करून घेईल, अशी सरकारला भीती होती. एव्हियां करार टिकून आहेत हे दाखवणे राजकीयदृष्ट्या आवश्यक वाटत होते. मोठ्या प्रमाणावर मुस्लिम शेतकरी फ्रान्समध्ये येणे सरकारला नको होते. त्याच उन्हाळ्यात लाखो युरोपीय वसाहतवाले अल्जीरिया सोडून फ्रान्सला येत होते आणि त्यांना 'स्वदेशी परतलेले' म्हणून मदत मिळत होती. आलँ पेरफित यांच्या आठवणींनुसार, २५ जुलै १९६२ च्या मंत्रिमंडळ बैठकीत राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल यांनी ही संज्ञा मुस्लिमांना लागू करता येणार नाही, अशी भूमिका घेतली.

सर्वच अधिकाऱ्यांनी आदेश पाळला नाही. लेफ्टनंट फ्रान्स्वा मेयेर यांनी आपल्या तुकडीतील हार्कींना व त्यांच्या कुटुंबीयांना फ्रान्सला आणले. पुढे जनरल पदापर्यंत पोहोचलेले मेयेर आयुष्यभर हार्कींच्या प्रश्नावर बोलत राहिले. अशा प्रकारे फ्रान्सला पोहोचणे हे हार्कीच्या सेवेवर नव्हे, तर त्याचा अधिकारी कोण होता यावर पुष्कळ अंशी अवलंबून राहिले. हत्यांच्या बातम्या वाढल्यावर १९ सप्टेंबर १९६२ रोजी पंतप्रधान जॉर्ज पाँपिदू यांनी सूडाच्या धोक्यात असलेल्या माजी साहाय्यक सैनिकांना फ्रान्सला हलवण्याचे आदेश दिले. तोवर स्वातंत्र्याला अडीच महिने उलटून गेले होते.

हत्या आणि छळ

काही हत्या युद्धबंदीनंतर लगेचच झाल्या. जुलै १९६२ च्या आरंभी स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांचे प्रमाण वाढले आणि शरद ऋतूतही त्या चालू राहिल्या. त्या उन्हाळ्यात राष्ट्रवादी नेतृत्वातच सत्तासंघर्ष पेटला होता व अनेक भागांत कोणतेही स्थिर प्रशासन नव्हते. युद्धबंदीनंतर आघाडीत सामील झालेले आणि त्यामुळे 'मार्चवाले' म्हणून हिणवले जाणारे लोक आपली निष्ठा सिद्ध करण्यासाठी सूडात पुढे होते, असे अनेक अभ्यासकांनी नमूद केले आहे. हार्कींची गावातून धिंड काढणे, जाहीर छळ, सीमेवरील सुरुंग हाताने काढायला लावणे आणि कुटुंबासह ठार मारणे असे प्रकार घडले. तुरुंगांत व श्रमछावण्यांत ठेवलेल्यांना आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनी १९६३ मध्ये भेटी दिल्या. काही कैदी त्यानंतरही अनेक वर्षे अटकेत होते.

या काळात फ्रेंच सैन्य अल्जीरियातच होते. त्याची बहुतांश माघार १९६४ पर्यंत झाली. मात्र नव्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वात हस्तक्षेप होऊ नये म्हणून ते तळांवरच थांबून राहिले. तळाच्या फाटकापर्यंत पोहोचलेल्या काही कुटुंबांना आसरा मिळाला, तर दूरच्या गावांत अडकलेल्यांचा शोध घेतला गेला नाही.

मृतांच्या संख्येबाबत एकमत नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पत्रकार झाँ लाकूत्यूर यांनी 'ल मोंद' या दैनिकात १०,००० हा आकडा दिला होता. हार्कींच्या संघटना १,५०,००० पर्यंतचा आकडा मांडतात. मोठे आकडे मर्यादित भागातील अहवालांवरून संपूर्ण देशासाठी काढलेले असल्याने शार्ल-रोबेर आजेरों यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्यांवर आक्षेप घेतला. अलीकडील लेखनात सामान्यतः 'हजारो' किंवा 'काही दहा हजार' असा उल्लेख आढळतो. बहुतेक मृतांची नोंद ना फ्रेंच प्रशासनाने ठेवली ना अल्जीरियन प्रशासनाने, त्यामुळे अचूक संख्या काढणे कठीण झाले आहे.

फ्रान्समधील छावण्या

हार्की, इतर साहाय्यक सैनिक व त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे ९०,००० लोक फ्रान्सला पोहोचले असावेत. त्यांपैकी ४०,००० हून अधिक लोक सरकारी संक्रमण छावण्यांतून गेले. जून १९६२ मध्ये लार्झाक आणि बूर्-लास्तिक येथे लष्करी जागेवर तंबू उभारण्यात आले. हिवाळ्यापूर्वी कुटुंबांना रिव्हसाल्त, सँ-मोरिस-लार्दवाज आदी ठिकाणी हलवले गेले. एकट्या रिव्हसाल्तमधून १९६२ ते १९६४ या काळात २०,००० हून अधिक लोक गेले. याच जागी पूर्वी स्पॅनिश निर्वासितांना आणि दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना डांबले गेले होते.

छावण्यांचे जीवन कडक नियंत्रणाखाली होते. ये-जा, पत्रव्यवहार आणि पाहुणे यांवर प्रशासनाची नजर असे. सामाजिक अनुदानाची रक्कम अनेकदा कुटुंबांच्या हाती न देता छावणीच्या खर्चासाठी वळवली जाई. काही मुलांचे शिक्षण छावणीतील शाळेतच होई व बाहेरच्या समाजाशी त्यांचा संबंध येत नसे. थंडी, गर्दी आणि अपुरी वैद्यकीय सोय यांमुळे अनेक अर्भके दगावली. त्यांपैकी काहींना खूण नसलेल्या थडग्यांत पुरण्यात आले. सँ-मोरिस-लार्दवाज छावणीजवळील अशा थडग्यांचा शोध उत्खननात २०२३ मध्ये लागला.

काम करू शकणाऱ्या पुरुषांना कुटुंबासह दक्षिण फ्रान्समधील वनवस्त्यांत पाठवण्यात आले. गावांपासून दूर असलेल्या अशा सुमारे ७५ वस्त्यांत हार्की वनखात्यासाठी रस्ते काढणे, झाडे लावणे व वणवारोधक पट्टे साफ करणे ही कामे करत. विधवा, अपंग, वृद्ध आणि मानसिक आजारी यांना बिआस व सँ-मोरिस-लार्दवाज येथे ठेवले गेले. तात्पुरती म्हणून उभारलेली ही व्यवस्था तेरा वर्षे चालली.

नागरिकत्वाचा प्रश्न

२१ जुलै १९६२ च्या अध्यादेशानुसार अल्जीरियातील स्थानिक व्यक्तिगत कायद्याखाली येणाऱ्या लोकांना फ्रेंच नागरिकत्व टिकवायचे असल्यास फ्रान्सच्या भूमीवर येऊन न्यायाधीशासमोर तसे घोषित करणे आवश्यक झाले. युरोपीय वंशाच्या लोकांना अशी अट नव्हती. ज्याला फ्रान्सला येऊ दिले गेले नव्हते त्याला ही घोषणा करणे शक्य नव्हते. अशा रीतीने मागे राहिलेला हार्की संरक्षणाबरोबर नागरिकत्वालाही मुकला.

१९७५ चे आंदोलन

१९७५ च्या उन्हाळ्यात बिआस आणि सँ-मोरिस-लार्दवाज येथे वाढलेल्या दुसऱ्या पिढीने उठाव केला. तरुणांनी सरकारी कार्यालये ताब्यात घेतली व अधिकाऱ्यांना ओलीस ठेवले. छावण्या बंद करणे, बाहेर घरे व रोजगार मिळणे आणि अल्जीरियातील नातेवाइकांना भेटण्याची मुभा या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. त्यानंतर छावण्या बंद करण्याचा निर्णय झाला. अनेक कुटुंबे मात्र पुढेही त्याच परिसरात राहिली. १९९१ मध्ये दक्षिण फ्रान्समधील नार्बोन व इतर शहरांत हार्कींच्या मुलांची नवी निदर्शने झाली. बेरोजगारी आणि भेदभाव हे त्यांमागील मुख्य मुद्दे होते.

अधिकृत मान्यता आणि भरपाई

११ जून १९९४ च्या कायद्याने माजी साहाय्यक सैनिकांच्या त्यागाबद्दल फ्रेंच प्रजासत्ताकाची कृतज्ञता व्यक्त केली. २५ सप्टेंबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांच्या कार्यकाळात पहिला राष्ट्रीय आदरांजली दिन पाळण्यात आला आणि २००३ पासून तो वार्षिक झाला. एप्रिल २०१२ मध्ये निकोला सार्कोझी यांनी रिव्हसाल्त येथे राज्यसंस्थेची जबाबदारी मान्य केली. २५ सप्टेंबर २०१६ रोजी फ्रान्स्वा ओलांद यांनी हार्कींचा परित्याग, मागे राहिलेल्यांच्या हत्या आणि फ्रान्समधील अमानवी वागणूक या तिन्हींबाबत फ्रेंच सरकारांची जबाबदारी असल्याचे म्हटले. २० सप्टेंबर २०२१ रोजी एमॅन्युएल मॅक्रॉन यांनी हार्कींची क्षमा मागितली.

न्यायालयीन लढाई वेगळ्या वाटेने गेली. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बिआस छावणीत वाढलेल्या एका हार्कीच्या मुलाला १५,००० युरो भरपाई मंजूर केली. छावणीतील जीवनाबद्दल राज्यसंस्था दोषी असल्याचे न्यायालयाने मानले. मात्र अल्जीरियात हार्कींचे रक्षण न करणे व त्यांना परत न आणणे हे आंतरराष्ट्रीय संबंधांशी निगडित निर्णय असल्याने त्यांची तपासणी न्यायालय करू शकत नाही, असा निर्वाळा दिला.

२३ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने ही विभागणी एका अर्थी कायम केली. हार्कींनी फ्रान्सची सेवा केली व फ्रान्सने त्यांना सोडून दिले, असा उल्लेख त्यात आहे. भरपाई मात्र २० मार्च १९६२ ते ३१ डिसेंबर १९७५ या काळात विशिष्ट छावण्यांत व वस्त्यांत राहिलेल्यांनाच आणि वास्तव्याच्या कालावधीच्या प्रमाणात देण्याची तरतूद झाली. शहरांत स्वतःच्या बळावर राहिलेली कुटुंबे तिच्या बाहेर राहिली. ४ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बिआस छावणीतील परिस्थितीमुळे मानवी हक्कांचा भंग झाल्याचे आणि फ्रान्सने देऊ केलेली रक्कम अपुरी असल्याचे ठरवले. परत न आणण्याच्या निर्णयाविरुद्ध दाद न मिळाल्याबद्दलची तक्रार मात्र या न्यायालयानेही मान्य केली नाही.

अल्जीरियातील दृष्टिकोन

अल्जीरियाच्या अधिकृत इतिहासात हार्की हा देशद्रोही मानला जातो आणि 'हार्की' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. जून २००० मध्ये फ्रान्सच्या दौऱ्यावर असताना राष्ट्राध्यक्ष अब्देलअझीझ बुतेफ्लिका यांनी हार्कींची तुलना नाझींना साथ देणाऱ्या फ्रेंच लोकांशी केली. वसाहतवादी सत्तेच्या दडपशाहीत प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांना केवळ बळी म्हणून मांडल्यास मूळ अन्याय झाकला जातो, हा या दृष्टिकोनातील गंभीर आक्षेप आहे. अनेक हार्कींना व त्यांच्या मुलांना दीर्घकाळ अल्जीरियात प्रवेश मिळाला नाही. त्यामुळे आईवडिलांच्या अंत्यविधीलाही त्यांना जाता आले नाही.

नैतिक कर्तव्याबाबतची चर्चा

स्थानिक साथीदारांप्रती कर्तव्य असते असे मानणारे युक्तिवाद साधारणतः तीन प्रकारचे आहेत. पहिला वचनाचा: भरती करताना दिलेली आश्वासने, लेखी असोत वा तोंडी, माघारीबरोबर संपत नाहीत. दुसरा कारणाचा: साथीदारावरचे संकट हे त्याला दिलेल्या कामातूनच उद्भवलेले असते, म्हणून ते काम देणारा त्यातून मोकळा होत नाही. तिसरा लाभाचा: ज्याच्या जोखमीचा फायदा घेतला त्या जोखमीचा वाटाही उचलला पाहिजे. अमेरिकी राजकीय तत्त्वज्ञ मायकल वाल्झर यांनी 'स्फिअर्स ऑफ जस्टिस' (१९८३) या ग्रंथात निर्वासितांविषयी लिहिताना, ज्यांना निर्वासित करण्यात आपलाच हात आहे अशांप्रती आपले बंधन स्वकीयांप्रती असलेल्या बंधनासारखे असू शकते, असे मत मांडले आहे.

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात. साथीदाराने मोबदला घेऊन स्वेच्छेने बाजू निवडली होती, असे म्हटले जाते. हार्कींच्या बाबतीत दारिद्र्य, सक्ती आणि सूडाची भीती पाहता 'स्वेच्छा' हा शब्द कितपत लागू होतो हा प्रश्न उरतो. दुसरा आक्षेप असा की युद्धच अन्याय्य असेल तर त्यातील साथीदारीतून हक्क निर्माण होत नाहीत. यावर असे उत्तर दिले जाते की अन्यायाचा मुख्य कर्ता भरती करणारे राष्ट्र असते व स्वतःच्या अन्यायाचा आधार घेऊन त्याला जबाबदारी टाळता येत नाही. तसेच गुन्हे केलेल्या व्यक्तीलाही खटल्याशिवाय मारले जाण्यापासून संरक्षण मिळायला हवे. तिसरा आक्षेप शांतता कराराच्या नाजूकपणाचा आहे. हार्कींना मोठ्या प्रमाणावर हलवणे म्हणजे करारावर अविश्वास दाखवणे ठरले असते, ही तत्कालीन फ्रेंच सरकारची अडचण खरी होती. मात्र त्यातून ऐच्छिक मदत न करण्याचे कारण मिळाले तरी, स्वतःहून मदत करणाऱ्या अधिकाऱ्यांना रोखण्याचे आणि पोहोचलेल्यांना परत पाठवण्याचे समर्थन होत नाही, असे टीकाकार म्हणतात.

कर्तव्य केवळ जीव वाचवण्यापुरते की पुनर्वसनापर्यंत, हाही चर्चेचा भाग आहे. हार्कींच्या अनुभवात सुटका झालेल्यांनाही सन्मानाचे जीवन मिळाले नाही. त्यामुळे आश्रय देणे आणि समाजात सामावून घेणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे मानावीत, असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे.

इतर उदाहरणे

लाओसमध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेने (सीआयए) उभारलेल्या गुप्त सैन्यात ह्मॉंग लोक मोठ्या संख्येने होते. मे १९७५ मध्ये लाँग तिएंग तळावरून सेनापती वांग पाओ व काही हजार लोकांना विमानाने हलवण्यात आले. उरलेल्यांपैकी अनेकांनी मेकाँग नदी ओलांडून थायलंड गाठले. २००० मध्ये अमेरिकेने ह्मॉंग माजी सैनिकांसाठी नागरिकत्वाच्या अटी सौम्य करणारा कायदा केला.

इराकमधून माघार घेताना डेन्मार्कने जुलै २००७ मध्ये आपल्या सैन्याबरोबर काम केलेल्या दुभाषांना व त्यांच्या कुटुंबीयांना, एकूण सुमारे २०० जणांना, विमानाने देशात आणले. अमेरिकेने इराकी व अफगाण साथीदारांसाठी विशेष स्थलांतर व्हिसाची योजना केली. अफगाण साथीदारांसाठीचा कायदा २००९ चा आहे. या योजनेतील कागदपत्रांच्या अटी व दीर्घ विलंब यांवर सातत्याने टीका झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेल्यावर विमानतळावरून एक लाखाहून अधिक लोकांना हलवण्यात आले, तरी पात्र ठरणारे अनेक दुभाषी व कर्मचारी मागे राहिले. त्या वेळी फ्रान्समध्ये व इतरत्र हार्कींच्या उदाहरणाची पुन्हा चर्चा झाली. मॅक्रॉन यांचे क्षमायाचनेचे भाषण त्यानंतर काही आठवड्यांनीच झाले.

साहित्य आणि स्मृती

हार्कींच्या पहिल्या पिढीने फारसे लिहिले नाही. तिच्यातील बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि घरातही हा विषय टाळला जाई. २००३ मध्ये दलिला केर्शूश आणि फातिमा बेस्नासी-लांकू या हार्कींच्या मुलींची पुस्तके प्रसिद्ध झाली व दुसऱ्या पिढीचे अनुभव व्यापक वाचकांपर्यंत पोहोचले. हार्कीची नात असलेल्या अलीस झेनितेर यांच्या 'लार द पेर्द्र' (२०१७) या कादंबरीत तीन पिढ्यांची कथा आहे. रिव्हसाल्त येथे ऑक्टोबर २०१५ मध्ये स्मारक-संग्रहालय सुरू झाले. तेथे स्पॅनिश निर्वासित, ज्यू आणि हार्की या तिघांचाही इतिहास मांडलेला आहे.

हेही पाहा

अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध
एव्हियां करार
शार्ल द गोल
लाओसमधील यादवी युद्ध
अफगाणिस्तानमधील युद्ध (२००१–२०२१)